घडीचा कळफलक

दर आठवड्याला या पानावर आपली भेट होते ती दीड स्तंभात उरकावी लागते. दिवाळी अंकात मात्र संपादक हात जरा सैल सोडतात. तेव्हा आज ऐसपैस बसून एका वस्तूची हकिकत सांगावी म्हणतो. वस्तू तशी लहानच. मिटलेली असली म्हणजे जाड डायरीएवढी, उघडली म्हणजे दीड वीत, आणि वजनाला पाव किलोच्याही आत. कोशात तिला ‘कळफलक’ म्हणतात, बाजारात ‘कीबोर्ड’ म्हणतात, आणि आमच्या घरी पहिले सहा महिने तिला ‘ते तुमचं पुस्तक’ म्हणत असत. कारण ती पुस्तकासारखी मिटते, आणि मी हौसेने आणलेल्या बहुतेक पुस्तकांप्रमाणेच ती कपाटात नुसती पडून होती.

ही मात्र मी आणलेली नव्हती. मागच्या दिवाळीला लेक आणि जावई बंगळुरूहून आले, त्यांनी पाडव्याला ती माझ्या हातात ठेवली. “बाबा, तुम्ही मोबाइलवर एका बोटानं लेख लिहिता ना, ते मला बघवत नाही,” लेक म्हणाली. यात अतिशयोक्ती नव्हती. संपादकांनी हस्तलिखित घेणे बंद केले तेव्हापासून माझे सारे साहित्य उजव्या हाताच्या तर्जनीवर उभे होते. फोनच्या काचेवर अक्षरे उमटतात खरी, पण बोटाला त्याचा पत्ता लागत नाही. काच म्हणजे काच. ‘क’ काय आणि ‘ख’ काय, तिला सारे सारखेच. डोळे काढले की बोट चुकते, आणि डोळे काढले नाहीत की मान जाते.

जावईबापूंनी जोडणी करून दिली. तार नाही, काही नाही. फोनने सहा आकडे दाखवले, ते या फलकावर दाबले, आणि दोघांची सोयरीक जुळली. या बिनतारी विद्येला ‘ब्लूटूथ’ म्हणतात, हे मला ठाऊक होते. पण दहाव्या शतकात डेन्मार्कमध्ये हॅराल्ड नावाचा राजा होऊन गेला, त्याला ‘निळ्या दाताचा’ म्हणत, त्याने विखुरलेले डेन लोक एका छत्राखाली आणले, आणि वेगवेगळी यंत्रे एकत्र आणणाऱ्या विद्येला म्हणून त्याचे नाव दिले, ही कथा जावईबापूंनीच सांगितली. फोनवर जी वेडीवाकडी निळी खूण दिसते ती त्या राजाची आद्याक्षरे, जुन्या लिपीतली. सौ. शांतपणे म्हणाली, “दाताचा इलाज करायचा सोडून नाव कसलं मिरवायचं?”

घडीच्या फलकाची कल्पनाही काही कालची नाही. अमेरिकेत ‘पाम’ नावाचे खिशातले संगणक निघाले होते, त्यांना जोडायला १९९९ साली ‘स्टोअवे’ नावाचा चार घड्यांचा फलक आला. त्याला फोन लागत नव्हता, कारण तसले फोनच नव्हते. पुढे फोनच संगणक झाले आणि फलक त्यांच्या मागोमाग आले. दोन घड्यांचे, तीन घड्यांचे, काही तर गुंडाळायचे सुद्धा. माझा दोन पाकळ्यांचा. मधोमध बिजागरी. उघडला की चालू, मिटला की बंद. मोठ्या कीबोर्डवर एका कळीच्या मध्यापासून दुसरीच्या मध्यापर्यंत एकोणीस मिलिमीटर अंतर असते. आम्हा घडीवाल्यांना तेवढी चैन परवडत नाही. त्यातही कात्री लागते ती उजव्या कडेच्या कळांना. त्या बिचाऱ्या अर्ध्या तिकिटाच्या.

पहिल्याच आठवड्यात मी तो घेऊन लोकलमध्ये बसलो. दुपारची वेळ, डोंबिवलीहून खिडकी मिळालेली. मांडीवर फलक उघडला, फोन पिशवीला टेकवला आणि लेखाला प्रारंभ केला. पण दोन पाकळ्यांच्या फलकाला खाली टेबल लागते, मांडी चालत नाही. एक पाकळी उजव्या मांडीवर, एक डाव्या मांडीवर, आणि मध्ये बिजागरी खचलेली, अशा दरीत माझे पहिले वाक्य कोसळले. शेजारचे गृहस्थ बराच वेळ पाहत होते. अखेर न राहवून म्हणाले, “घडीची पेटी का हो ही? वाजवा की काही तरी.”

घरी टेबलावर बसलो तरी सुख नव्हते. कळांवर सगळी इंग्रजी अक्षरे, आणि फोनमध्ये भाच्याने घालून दिलेली मराठी. ‘के’ दाबला, ‘क’ आला. वा! म्हणून ‘जे’ दाबला, तर आला ‘र’. ‘एच’ला ‘प’, ‘ओ’ला ‘द’. हा काय न्याय, म्हणून मी चिडलो. आणखी एक खोड होती. हा फलक विजेची बचत करतो. दहा मिनिटे कोणी हात लावला नाही की झोपी जातो, आणि पुढची कळ दाबली की जागा होतो; पण जागे होताना तोंडात आलेले पहिले अक्षर गिळून टाकतो. माझ्यासारखा माणूस एका वाक्यानंतर पंधरा मिनिटे विचार करतो. त्यामुळे माझ्या प्रत्येक वाक्याचे डोके उडालेले. ‘नमस्कार’चे ‘मस्कार’, ‘दिवाळी’च्या ‘द’विना उरलेली नुसती वेलांटी. नाताळ आला आणि फलक कपाटात गेला.

आता ताईबद्दल सांगायला हवे.

ताई माझी थोरली बहीण. माझ्याहून आठ वर्षांनी मोठी, आता ऐंशीला टेकलेली. गिरगावात, आमच्या वडिलांच्या चाळीतल्या दोन खोल्यांत, तिसऱ्या मजल्यावर ती एकटी राहते. लग्न केले नाही. १९६४ साली महाराष्ट्राचा राजभाषा अधिनियम झाला, सरकारी कामकाज मराठीत व्हायचे ठरले, आणि मराठी टंकलेखन येणाऱ्या मुलींना एकाएकी भाव आला. ताई त्या लाटेत सचिवालयात लागली, आणि त्या इमारतीला लोक मंत्रालय म्हणू लागले त्यानंतरही कितीतरी वर्षांनी निवृत्त झाली. मिनिटाला चाळीस शब्द, तेही कागदाकडे पाहत, यंत्राकडे नाही. तिच्या पगारावर थोरल्या भावाचे आणि माझे शिक्षण झाले, हे मी या पानावर पूर्वी लिहिले आहे. तिने ते कात्रण परत पाठवले होते, वर शेरा मारून: ‘सदर मजकूर अनावश्यक.’

नोकरीने तिला एक भाषा दिली होती ती कायमची. नवा पडदा आणला तर ‘मंजूर’. भाजी खारट झाली तर ‘फेरविचारार्थ परत’. चहात साखर जास्त पडली तर ‘अमान्य’. आमची पुतवंडे या शब्दांवर पोट धरून हसत, आणि तीही हसे.

या वर्षी फेब्रुवारीत तिच्या घशात गाठ निघाली आणि मार्चमध्ये स्वरयंत्र काढावे लागले. ही शस्त्रक्रिया झाली की श्वासनलिकेचे तोंड गळ्याच्या पुढच्या बाजूला आणून शिवतात. माणूस तिथल्या भोकातून श्वास घेतो. छातीतली हवा तोंडात येतच नाही. त्यामुळे बोलणे तर नाहीच, कुजबुजणेही नाही. जीभ आहे, ओठ आहेत, डोक्यात शब्द आहेत, पण त्यांना वारा नाही. गळ्याला टेकवून गुणगुणणारे एक यंत्र मिळते, ते तिला दाखवले. त्यातून निघालेला तो पत्र्याचा आवाज ऐकून तिने ते डबीत परत ठेवले. श्वासनलिका आणि अन्ननलिका यांच्यामध्ये छोटी झडप बसवूनही बोलता येते. पण आणखी एकदा टेबलावर झोपायची तिची तयारी नव्हती.

मग पाटी आली. आमच्या लहानपणीची नव्हे, पण तशीच काळी, लाकडी चौकटीची. ताईचे अक्षर वळणदार, त्यामुळे वाटले की चला, भागेल.

भागले नाही. का भागले नाही, हे कळायला मला महिना लागला. माणसे बोलतात ती मिनिटाला शंभरावर शब्द. ताई पाटीवर ‘मला वाटतं की’ एवढे लिहीपर्यंत आमचे बोलणे औषधांवरून भाड्यावर आणि भाड्यावरून मॅचवर गेलेले असे. ती पाटी वर करी, आम्ही वाचत असू, “हो हो, बरोबर,” म्हणत असू, आणि पुढे जात असू. त्याहून वाईट गोष्ट वेगळीच होती. लिहिताना तिची मान खाली जाई. जो माणूस मान खाली घालून बसला आहे त्याच्या डोक्यावरून बोलायला घरच्या लोकांना अवघड वाटत नाही. एप्रिलच्या अखेरीस आम्ही तिच्यासमोर तिच्याविषयी ‘ती’ असे बोलू लागलो. “तिला पोळी चालेल का? तिला झोप लागते का?” ती समोर बसून ऐकत होती. पाटी भिंतीला टेकवून ठेवलेली.

फोनही देऊन पाहिला. पण चाळीस वर्षे टंकयंत्र बडवलेली तिची बोटे. काचेवर ती एवढ्या जोराने पडत की एकेक अक्षर दोनदा उठे आणि फोन उताणा होई.

मे महिन्यात मी कपाटातले ‘पुस्तक’ पिशवीत टाकून गिरगावला नेले. खरे सांगायचे तर काही मोठा विचार करून नेले नव्हते. घरात पडून आहे, तिला विरंगुळा होईल, एवढेच.

तिने ते उघडले. दोन्ही हातांच्या तर्जनी कळांवरून फिरवल्या आणि थांबवल्या. प्रत्येक कीबोर्डवर दोन कळांना, ‘एफ’ आणि ‘जे’ यांना, खालच्या कडेला बारीक उंचवटा असतो. न पाहता बोटे जागेवर यावीत म्हणून. सहा महिने माझ्याकडे असून मला तो उंचवटा दिसला नव्हता. तिला तो पाच सेकंदांत सापडला. मग तिने डोळे मिटले आणि धाडधाड काही तरी टंकले. फोनवर जे उमटले ते कोणत्याच भाषेत नव्हते.

तिची बोटे जुन्या टंकयंत्राच्या मांडणीने चालली होती. त्या यंत्रावर कागदावर जसे दिसते तसे ठोकायचे. पहिली वेलांटी आधी, अक्षर मागाहून. ‘ख’, ‘ध’, ‘भ’ यांची अर्धी अक्षरे उठवायची आणि पुढे काना द्यायचा. फोनमधली मांडणी निराळी. तिला ‘इनस्क्रिप्ट’ म्हणतात. भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने ती १९८६ साली आखली आणि १९९१ साली मानक ब्यूरोने तिला प्रमाण ठरवले. ताईने पाटी ओढली आणि लिहिले, ‘नकाशा आण.’

भाच्याकडून मी मांडणीचा तक्ता छापून आणला. ताईने तो दिव्याखाली धरून अर्धा तास पाहिला, जसे एखादी मुरलेली सुगरण दुसरीच्या स्वयंपाकघरातले फडताळ पाहते. मग माझ्याकडे पाहून मान डोलावली. जे मला अन्याय वाटले होते त्यातला न्याय तिने मला बोटाने दाखवला. ‘क’च्या कळीवर शिफ्ट धरला की ‘ख’. ‘ग’वर शिफ्ट, ‘घ’. ‘त’वर ‘थ’, ‘द’वर ‘ध’, ‘प’वर ‘फ’. आपल्या बालबोध मुळाक्षरांतली जोडपी जशीच्या तशी एका घरात नांदवलेली. काना, मात्रा, वेलांट्या, उकार डाव्या हाताला. व्यंजने बहुतेक उजव्या हाताला. उजव्याने अक्षर द्यायचे, डाव्याने स्वर जोडायचा. हात आळीपाळीने पडतात, तबल्यासारखे. फक्त ‘म’, ‘न’, ‘व’ ही तीन व्यंजने डाव्या आळीत राहायला गेलेली. आणि वेलांटी मागाहून, म्हणजे आपण उच्चारतो त्या क्रमाने. हीच मांडणी गुजरातीला, बंगालीला, कानडीला. ‘क’ची कळ सगळीकडे तीच. पाटीवर ताईने शेरा लिहिला: ‘शहाण्या माणसाचं काम. आमच्या वेळी का नाही केलं?’

त्या वेळी कसे करणार? टंकयंत्र म्हणजे लोखंडी दांड्यांचा संसार. एका कळीला एक दांडी, तिच्या टोकाला दोन ठसे. यंत्राला मराठी समजत नव्हते, ते फक्त ठसे उमटवी. १९५५ साली गोदरेजने स्वदेशी टंकयंत्रे काढली, त्यांच्याही पोटात हेच. अक्षरे क्रमाने घेऊन जोडाक्षर करणे हे संगणकाच्या जमान्यातले कौतुक.

ताईला ते शिकायला सतरा दिवस लागले. वय वर्षे एकोणऐंशी. रोज सकाळी तासभर, शाळेसारखे: कर, खर, गर, घर. उजव्या कडेच्या अर्ध्या तिकिटाच्या कळांवर नेमके ‘च’, ‘ट’ आणि ‘ड’ बसले होते, आणि ‘डॉक्टर’मधला चंद्रकोरीचा काना तर अगदी कोपऱ्यात; तिथे करंगळी घसरे. बिजागरी ‘प’ आणि उकार यांच्यामधून जाते, म्हणून ‘पुणे’ लिहिताना तिला म्हणे दर वेळी खंडाळा घाट ओलांडावा लागे. मांडीवर फलक खचण्याचा माझा प्रश्न तिने पहिल्याच दिवशी सोडवला. पाटी मांडीवर आडवी घेतली आणि फलक पाटीवर ठेवला. फोनऐवजी पुतण्याचा जुना टॅब आणला, त्यावर अक्षरे बोटभर मोठी केली आणि तो पोह्यांच्या डब्याला टेकवला.

अठराव्या दिवशी मी गेलो तेव्हा तिने माझ्याकडे पाहत, टॅबकडे न पाहता, टंकले: ‘तुझ्या गेल्या आठवड्याच्या लेखात आचार्यांना पंगतीत वाढायला लावलं आहेस. आचाऱ्यांना म्हणायचं होतं ना? त्याला वेगळा र आहे. र च्याच कळीवर शिफ्ट.’

वाचकहो, गेली चार वर्षे तुम्ही माझे असले आचार्य निमूटपणे सहन केलेत, त्याबद्दल इथेच क्षमा मागतो.

टॅबमध्ये मराठी वाचून दाखवणारा आवाजही आहे. भाच्याने तो सुरू करून दिला. ताईने लिहिलेले वाक्य एका तरुण बाईने स्वच्छ, गुळगुळीत मराठीत म्हणून दाखवले. ताईने दोनदा ऐकले. मग टंकले, ‘ही कोण?’ आणि बाईने तेही म्हणून दाखवले. तो आवाज त्याच दिवशी बंद झाला. पुढे आम्ही वाचतच आलो. आणि नवल असे की वाचताना मला ताईचाच आवाज ऐकू येतो.

एक गंमत सांगतो. हा फलक तीन यंत्रांशी ओळख ठेवतो आणि एका कळीवर इकडून तिकडे उडी मारतो. एकदा ताईची करंगळी त्या कळीवर पडली असावी. मी शेजारी बसून संपादकांना निरोप पाठवत होतो, तर माझ्या फोनमध्ये आपोआप अक्षरे उमटली: ‘बाळ हल्ली फार पाल्हाळ लावतो.’ मी ती पुसण्यापूर्वी संपादकांना गेली. त्यांचे उत्तर आले, ‘सहमत.’

पण मुख्य गोष्ट पुढेच आहे.

जुलैत थोरल्या पुतण्याने बैठक बोलावली. गिरगावातच, ताईच्या खोलीत; दोघे पुतणे, दोघी सुना, मी आणि सौ. विषय ताईला खारघरला नेण्याचा. पुतण्याचे घर मोठे, लिफ्ट आहे, दवाखाना जवळ. त्याचे म्हणणे चुकीचे नव्हते. गळ्याच्या भोकातून श्वास घेणाऱ्या माणसाला रात्री कफ अडकला तर? हाकही मारता येत नाही. तिसऱ्या मजल्यावरून रात्री खाली कोण उतरवणार? त्याचा जीव तुटत होता, हे त्याच्या आवाजातच होते. धाकट्या सुनेने हिशेब मांडला, सौ.ने औषधांच्या वेळा सांगितल्या. मी मधूनमधून “बरोबर आहे,” म्हणत होतो. मलाही तेच हवे होते. रात्री बारानंतर फोन वाजला की माझ्या छातीत धस्स होत असे, ते थांबले असते.

ताई पलंगावर टेकून बसली होती. मांडीवर पाटी, पाटीवर फलक. बोलत होतो आम्हीच, चांगले वीस-पंचवीस मिनिटे. शेवटी पुतण्या तिच्यासमोर गुडघ्यांवर बसला आणि म्हणाला, “आत्या, मग काय? खारघर?”

तिने त्याच्या तोंडाकडे पाहत चटकन एक शब्द टंकला. टॅबवर बोटभर अक्षरांत उमटले:

मान्य

थोरल्या सुनेच्या डोळ्यांत पाणीच आले. “मी म्हटलं नव्हतं, आत्या ऐकतील म्हणून!” ती चहा टाकायला उठली. पुतण्याने टेम्पोवाल्याचा नंबर काढला.

मी टॅबकडे पाहत होतो. फलक वीस मिनिटे पडून होता. म्हणजे झोपला होता. म्हणजे पहिले अक्षर गेले होते. सहा महिने ‘मस्कार’ वाचलेल्या माणसाला हे सांगावे लागत नाही. आणि ज्या बाईने जन्मभर नको त्या प्रत्येक गोष्टीला एकच शब्द वापरला, तिने कोणता शब्द टंकला असेल, हेही सांगावे लागत नाही. मला त्याच क्षणी कळले. आणि मी बोललो नाही. किती वेळ? अर्धा मिनिट असेल. पुतण्या फोनवर ‘हॅलो’ म्हणेपर्यंत. त्या अर्ध्या मिनिटात मी स्वतःशी म्हणत होतो की, असू दे. तिच्याच भल्याचे आहे. ती स्वतःच म्हणाली, असे सगळे म्हणतील.

ताईला काही माहीत नव्हते. ती टॅबकडे पाहतच नव्हती. न पाहता टंकणाऱ्याला कागद पाहायची सवय नसते. ती माणसांची तोंडे पाहत होती. सगळ्यांची तोंडे खुललेली पाहून तिच्या कपाळाला आठी पडली, आणि मग तिने मान वळवून टॅब पाहिला. बोटे खाली आली.

‘अ राहिला.’

आणि खाली, नवी ओळ घेऊन:

‘अमान्य.’

पुतण्याने फोन बंद केला. स्वयंपाकघरातून सुनेने “काय झालं?” म्हणून विचारले, पण कोणी उत्तर दिले नाही. ताई टंकत होती. मान वर, डोळे पुतण्यावर. कळांचा तो बारीक टकटकाट आणि डब्याला टेकलेल्या काचेवर भराभर उतरणाऱ्या ओळी. ती पूर्वी तावातावाने बोलायची तेव्हा आम्हाला मध्ये बोलायला फट मिळत नसे, तसेच झाले.

‘तुझं घर चांगलं आहे. तू चांगला आहेस. पण तिकडे दारं बंद असतात. इथे माझं दार सकाळी सहाला उघडतं ते रात्री दहाला लागतं. समोरून दूधवाला जातो, शेजारची मुलं जातात, कोणी तरी आत डोकावतंच. मला हाक मारता येत नाही हे खरं. पण चाळीत हाक मारावी लागत नाही.’

मग लगेच, पूर्वीच्या सरकारी थाटात, अटी आल्या. रात्री झोपायला एक बाई ठेवावी, पगार ताईच्या पेन्शनमधून. उशाशी बिनतारी घंटेचे बटण, आणि घंटा शेजाऱ्यांच्या भिंतीवर. त्यांना ताईने आधीच विचारून ठेवले होते, लिहून. गळ्याची नळी साफ करायला शेजारच्या सूनबाई शिकायला तयार. दर महिन्याला तपासणीसाठी पुतण्याने गाडी आणावी. वर्षाने फेरविचार. ‘वरील अटींवर खारघरला गणपतीत चार दिवस येणे मान्य,’ एवढे लिहून तिने हात मांडीवर ठेवले.

पुतण्या बराच वेळ ती ओळ वाचत राहिला. मग म्हणाला, “पाच दिवस.” ताईने टंकले, ‘मंजूर.’

सगळे गेल्यावर मी मागे राहिलो. फलक उघडाच होता. ताईने माझ्याकडे पाहिले आणि लिहिले, ‘तुला कळलं होतं.’ विचारलेले नव्हते, प्रश्नचिन्ह नव्हते. मी “हो,” म्हणालो. तिने थोडा वेळ काही लिहिले नाही. मग लिहिले, ‘भीती वाटते ना रात्रीची. मलाही वाटते.’ त्यावर मला काहीच बोलता आले नाही, आणि तिने घाई केली नाही. मग तिने फलक मिटला.

त्या दिवसापासून तिने एक सवय लावून घेतली आहे. काही बोलायचे असले की आधी ती खालची लांब मोकळी कळ एकदा दाबते, फलक जागा होऊ देते, आणि मग टंकते. पूर्वी बोलायच्या आधी ती घसा खाकरायची. आता ती कळ टक्‌ करून वाजली की घरातले सगळे गप्प बसतात, अगदी लहान पुतवंडेसुद्धा.

माझ्या लेखांचे म्हणाल तर मी कागदावरच परत आलो आहे. कागद घेऊन मंगळवारी गिरगावला जातो, ताई ते टंकते आणि संपादकांकडे पाठवते. काय गाळते ते मला छापून आल्यावर कळते. पैसे घेत नाही. मात्र कालच निरोप आला आहे: ‘भाऊबीजेला साडी नको. फलक चार्ज करायची वायर ढिली झाली आहे, नवीन आण. जरा लांब आण, बाहेर गॅलरीत बसून बोलता येईल.’